पोटोमॅक काठचं चोरटं टपाल

अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या आमच्या वॉल्डॉर्फहून 301 नंबरच्या हायवेने दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात पोटोमॅक नदीवरचा पूल लागतो. पलीकडे व्हर्जिनिया. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी पुलाच्या अलीकडेच उजवीकडे वळवते, पोप्स क्रीकला. सांगताना खेकडे खायला जातोय असं सांगते. खरा हेतू टॉमस जोन्सची गोष्ट ऐकवायचा असतो, आणि एकदा गाडीत बसल्यावर कोण कुठे पळून जाणार?

1861 ते 1865 या अमेरिकेच्या यादवी युद्धात मेरीलँड हे गुलामगिरी असलेलं राज्य, तरी राहिलं लिंकनच्या बाजूला. राहिलं म्हणजे ठेवलं गेलं. आमची ही चार्ल्स काउंटी तंबाखूच्या शेतीवर आणि गुलामांच्या कष्टावर उभी. 1860 च्या निवडणुकीत लिंकनला इथून अवघी 6 मतं पडली होती. नदीपलीकडे शत्रूचा मुलूख, पण इथल्या जमीनदारांची सोयरीक, व्यापार आणि मन सगळं तिकडेच. दक्षिणेच्या, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या, हेरखात्याला वेगळी माणसं पेरावी लागलीच नाहीत. काठावर होती ती पुरेशी होती.

जोन्सचं शेत पोप्स क्रीकजवळच्या उंच कड्यावर होतं. समोर व्हर्जिनियाचा मॅथायस पॉइंट, मध्ये सुमारे तीन किलोमीटर पाणी. युद्ध सुरू झाल्यावर त्याने माणसं पलीकडे उतरवायला सुरुवात केली. 1861 मध्ये पकडला गेला, वॉशिंग्टनच्या ओल्ड कॅपिटल तुरुंगात काही महिने काढले, सुटून आला आणि थोड्याच काळात बायको गेली. एखादा गप्प बसला असता. हा 1862 मध्ये दक्षिणेच्या गुप्त टपालाचा नदीच्या या बाजूचा मुख्य माणूस झाला.

टपालाची रीत अशी. पलीकडून बेंजामिन ग्राइम्सची होडी संध्याकाळी यायची. कड्याच्या पायथ्याशी एक वठलेलं झाड होतं, त्याच्या बेचक्यात पुडकं ठेवायचं, तिथलं उचलायचं आणि परत. भेट नाही, बोलणं नाही. वेळ मात्र नेमकी पाळायची, सूर्य मावळायच्या जरा आधीची. सरकारी पहारेकरी काठावर उभे राहायचे ते सूर्यास्तानंतर, हे एक. आणि दुसरं म्हणजे त्या वेळी मेरीलँडच्या कड्याचं प्रतिबिंब पाण्यात लांबवर पसरायचं आणि व्हर्जिनियाच्या रानाच्या सावल्यांना जवळजवळ जाऊन भिडायचं. त्या काळपट पट्ट्यात होडीएवढी वस्तू गस्तीच्या गनबोटीवरून दिसणं कठीण. हे जोन्सने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय, 1893 साली. संध्याकाळी तिथे उभं राहिलं की ते अजूनही पटतं. कितीही नकाशे अभ्यासले तरी ही गोष्ट सुचायची नाही. त्यासाठी तिथे रोज उभं राहिलेलं असावं लागतं.

शेजारी मेजर वॉटसनांचं घर, त्यांची मुलगी मेरी. समोरच्या काठावरून दिसेल अशा वरच्या खिडकीत तिने काळं कापड टांगलं की समजायचं, आज धोका आहे, होडी सोडू नका. आणि डॉक्टर डेंट! हे गावोगाव रुग्ण तपासत हिंडणारे. उन्हाळ्यात मोठमोठ्या खिशांचा कोट, हिवाळ्यात ओव्हरकोट आणि गुडघ्यावर जाणारे बूट, आणि सगळ्यांत पत्रं कोंबलेली. मध्यरात्री घोड्यावर दिसलेल्या डॉक्टरला कुठे निघालात म्हणून कोण विचारणार? इथून उत्तरेला वॉशिंग्टनच्या वाटेवर सरॅट कुटुंबाची खानावळ होती, आजच्या क्लिंटनमध्ये. गावचं पोस्टही तिथेच. बाप वारल्यावर 1862 मध्ये जॉन सरॅट पोस्टमास्तर झाला, आणि सरकारी पोस्ट सांभाळता सांभाळता चोरट्या टपालाचाही निरोप्या बनला. पुढच्या वर्षी नोकरी गेली, दुसरं काम चालूच राहिलं.

माझं माहेर कृष्णाकाठचं. पत्री सरकारच्या दिवसांत भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकरी पोचवणाऱ्या बायकांच्या गोष्टी ऐकत मोठी झाले, त्यामुळे असल्या हकिकतींना मी लगेच भुलते. इथे मात्र भुलून भागत नाही. ही सगळी हुशारी माणसं विकत घेण्याचा हक्क टिकवायला खर्ची पडत होती. जोन्सच्या पदरीही गुलाम होते. त्यांतल्या हेन्री वुडलंडचं नाव पाहुण्यांना सांगितल्याशिवाय मी खेकडे मागवत नाही.

1865 चा एप्रिल. दक्षिणेची राजधानी रिचमंड पडलं. जोन्सचे कष्टाचे पैसे दक्षिणेच्या सरकारकडे थकलेले, ते आणायला तो तिकडे गेला आणि सरकारच उठून पळालं. थकबाकी गेली, रोख्यांत घातलेली रक्कमही गेली. त्यानंतर 14 तारखेला जॉन विल्क्स बूथ या नटाने लिंकनवर गोळी झाडली आणि मोडलेला पाय घेऊन तो साथीदार डेव्हिड हेरॉल्डबरोबर याच टपालाच्या वाटेने दक्षिणेला निघाला. 16 च्या पहाटे दोघे जोन्सच्या मानलेल्या भावाच्या, सॅम्युअल कॉक्सच्या दारात. कॉक्सने त्यांना पाइनच्या दाट झाडीत लपवलं आणि जोन्सला बोलावणं धाडलं. झाडीजवळ जायचं तर ठरलेली शीळ घालायची. जोन्स रोज कोटाच्या खिशांत ब्रेड, हॅम आणि कॉफी लपवून जायचा. हातात मक्याची टोपली, तोंडाने डुकरांना हाका, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की शेतकरी आपली जनावरं शोधतोय. त्याच आठवड्यात पोर्ट टोबॅकोच्या हॉटेलात एका डिटेक्टिव्हने त्याच्यासमोर बूथचा पत्ता सांगणाऱ्याला 1 लाख डॉलर द्यायची भाषा केली. नुकताच कफल्लक झालेला हा माणूस, पण ओठ उघडले नाहीत. याला निष्ठा म्हणावं की अडेलपणा, मला अजून ठरवता येत नाही. पाहुण्यांमध्ये यावर हमखास वाद होतो.

आता हेन्री. 1 नोव्हेंबर 1864 ला मेरीलँडमध्ये गुलामगिरी संपली होती, त्यामुळे तो स्वतंत्र होता, पण जोन्सकडेच काम करत होता. वसंतात शॅड मासा नदीत वर चढतो, आपल्या हिलशाच्या जातकुळीतला. जोन्सने त्याला सांगून ठेवलं की रोज जाळं टाकायचं आणि होडी डेंट्स मेडो नावाच्या आडबाजूच्या जागी लावायची. मासे पकडणाऱ्याची होडी म्हणून ती वाचली. कशासाठी वाचवतोय, हे हेन्रीला सांगितलेलं नव्हतं.

20 तारखेच्या संध्याकाळी ॲलन्स फ्रेशच्या दुकानात जोन्सच्या कानावर पडलं की बूथला शोधणारं घोडदळ सेंट मेरीज काउंटीकडे निघालंय. तो तडक झाडीत गेला, बूथला स्वतःच्या घोड्यावर बसवलं आणि अंधारातून घरापर्यंत आणलं. तोवर तो कड्यावरचं शेत सोडून आतल्या बाजूला ‘हकलबेरी’ नावाच्या घरात राहायला आला होता. उघड्यावर दिवस काढलेल्या बूथने विनवलं, घरात येऊन जरा गरम कॉफी घेऊ दे. जोन्स म्हणाला, नाही. घरात काळी माणसं आहेत, त्यांनी पाहिलं तर तूही संपलास आणि मीही. त्यांना झाडाखाली ठेवून तो आत गेला. स्वयंपाकघरात हेन्री जेवत बसला होता. जोन्सने आज मासळी किती मिळाली ते विचारलं, मग होडी नेहमीच्या जागी लावलीस ना, हे विचारलं. लावली होती. मग स्वतः जेवला आणि बाहेरच्यांसाठी अन्न घेऊन निघाला.

काठावर मेणबत्ती आडोशाला धरून जोन्सने बूथला होकायंत्रावर दिशा दाखवली. ते होकायंत्र आज वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरच्या, म्हणजे लिंकनवर गोळी झाडली त्याच नाट्यगृहाच्या, संग्रहालयात आहे. होडीचे त्याने 18 डॉलर घेतले, बाकी काही नाही. भरतीने मात्र त्यांना वर ढकलत पुन्हा मेरीलँडच्याच नॅन्जेमॉय खाडीत नेलं. व्हर्जिनिया गाठायला 23 उजाडली, आणि 26 ला बूथ मारला गेला.

जॉन सरॅटची आई मेरी सरॅट हिला लिंकनच्या खुनाच्या कटाबद्दल 7 जुलैला फाशी झाली. जोन्स आणि कॉक्स काही आठवडे कोठडीत काढून सुटले. बूथला कॉक्सच्या दारापर्यंत पोचवणाऱ्या ऑसवेल स्वान या कृष्णवर्णीय वाटाड्याने जबाब दिला होता की ते दोघे घरात शिरले आणि तासन्‌तास आत होते. कॉक्सकडे कामाला असलेल्या मेरी स्वान या कृष्णवर्णीय बाईने सांगितलं, आत आलेच नाहीत. तिचा जबाब कॉक्सच्या कामी आला. जोन्स 1895 पर्यंत जगला.