ओटावातला हिवाळा आणि बाइकची बॅटरी : फेब्रुवारीपर्यंतच्या नोंदी

रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ पडायला लागलं की इथे बाइक झाकायची, ती थेट एप्रिलमध्ये काढायची. माझी होंडा सीबी ५०० एक्स हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये असते. यंदा बॅटरी घरात न आणता जागेवरच ठेवून बघतोय, फक्त निगेटिव्ह वायर सोडवून.

थंडीत बॅटरी आपली आपण उलट हळू उतरते. तिला खातात ती घड्याळ वगैरे मंडळी. चावी बंद असताना मल्टिमीटरवर साधारण २ मिलिअँपिअर दिसले. आकडा क्षुल्लक, पण महिन्याला जवळजवळ दीड अँपिअर-अवर जातात आणि बॅटरीच मुळी ८.६ ची. पाच महिन्यांत उरणार काय? खरी गोम पुढेच आहे. पूर्ण चार्ज बॅटरीतलं अॅसिड उणे ५० लाही गोठत नाही. पार उतरलेल्या बॅटरीत मात्र ते बरंचसं पाणीच असतं, उणे १० च्या आसपास गोठतं आणि खोकं तडकतं. इथे जानेवारीत उणे २० चं कुणाला नवल नाही.

नोव्हेंबर : स्मार्ट चार्जरवर रात्रभर. चार्जर काढल्या काढल्या मीटर १३ च्या वर दाखवतो, ते खरं धरू नका. दुसऱ्या दिवशी १२.८६ व्होल्ट. मग १० चा पाना घेऊन निगेटिव्ह सोडली. बॅटरी बाहेर काढायची असली तरी आधी निगेटिव्हच. निगेटिव्ह जोडलेली असेल आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना फ्रेमला टेकला तर शॉर्ट झालाच. टर्मिनलवरची पांढरी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासली. कोरडं पुसून व्हॅसलीन.

डिसेंबर अखेर : १२.८३.

जानेवारी अखेर : १२.८०. बाहेर उणे २४. मीटरची स्क्रीनच गारठलेली, आधीचा आकडा पुसट होईपर्यंत नवा उमटेना. शेवटी मीटर जॅकेटच्या आत धरून गरम केला आणि परत मोजलं.

फेब्रुवारी : १२.७८. १२.५ च्या खाली गेली तरच चार्जर लावणार.

पुण्यातले मित्र फोनवर सांगतात, "आठवड्यातून दहा मिनिटं स्टार्ट ठेव रे." तिकडे चालत असेल. इथे स्टार्टरने खाल्लेलं तेवढ्या आयडलिंगवर भरून येत नाही, शिवाय इंजिन पुरतं तापत नाही आणि पाणी ऑइलमध्ये, सायलेन्सरमध्ये साचतं. सिमेंटवर ठेवलेली बॅटरी उतरते, हेही जुन्या रबरी खोक्यांच्या जमान्यातलं.

लिथियम बॅटरीवाल्यांनी यातलं चार्जिंग जसंच्या तसं उचलू नये. शून्याखाली ती चार्ज करायचीच नाही. घरात आणून आधी उबेला येऊ द्या, आणि चार्जरही लिथियमचाच हवा.

मार्च अखेर एकदा पूर्ण चार्ज करून जोडेन. स्टार्टर मारताना व्होल्टेज कुठवर खाली येतं ते तेव्हा मोजायचंय; साडेनऊच्या खाली गेलं तर नवी बॅटरी बघावी लागेल.