न्यूक्लिओ बोर्डावरील सोल्डर जंपर : सर्किट आकृतीच्या वाचनाची नोंद

न्यूक्लिओ-एफ४०१आरई या मायक्रोकंट्रोलरच्या प्रयोग-बोर्डाला जीपीएस मॉड्यूल जोडण्यापूर्वी मी त्याची सर्किट आकृती बारकाईने वाचली. आकृतीत जागोजागी ‘एसबी’ (सोल्डर ब्रिज, म्हणजेच सोल्डर जंपर) आणि त्यापुढे क्रमांक दिसतो. प्रत्येक एसबी म्हणजे बोर्डावर शेजारी-शेजारी असलेले दोन पॅड (सोल्डर करण्याच्या तांब्याच्या छोट्या जागा) होत; ते जोडलेले असले तर मार्ग चालू, मोकळे असले तर बंद. कारखान्यातून जोडून आलेल्या जागी शून्य ओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो, कारण सुटे भाग बसवणाऱ्या यंत्राला तो इतर रेझिस्टरांप्रमाणेच हाताळता येतो.

माझ्या कामाशी थेट संबंध होता तो चार जागांचा. मायक्रोकंट्रोलरच्या पीए२ आणि पीए३ या पिना एसबी१३ व एसबी१४ मधून एसटी-लिंककडे, म्हणजे बोर्डावरच्याच प्रोग्रॅमरकडे जातात, म्हणून यूएसबीवरून संगणकाला सीरियल मजकूर दिसतो. त्याच पिना डी१ व डी० या कनेक्टरांकडे नेणारे एसबी६२ आणि एसबी६३ मात्र मुळात मोकळे ठेवलेले आहेत. म्हणजे डी० ला जीपीएसची तार जोडली, तरी त्यातील माहिती पीए३ पर्यंत पोहोचणारच नाही. चारही जागा एकदम जोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तसे केल्यास एसटी-लिंक आणि जीपीएस यांचे आउटपुट एकाच तारेवर येतील, आणि एकाची व्होल्टेज-पातळी वर व दुसऱ्याची खाली असताना वाहणाऱ्या प्रवाहाला शून्य ओहमचा रेझिस्टर मुळीच आवर घालणार नाही.

आकृती आणखी पाहिल्यावर पीए९ आणि पीए१० या पिना डी८ व डी२ वर न वापरलेल्या मिळाल्या. त्यांवर यूएसएआरटी१ हा मायक्रोकंट्रोलरमधला वेगळा सीरियल विभाग चालतो, त्यामुळे जीपीएस तेथे जोडला आणि बोर्डाला सोल्डरिंग आयर्न न लावताच दोन्ही सीरियल मार्ग सुरू राहिले. पॅड उचकटण्याचा धोका टळला, हे मला फार मोलाचे वाटते.

जंपरचे नाव वाचून त्याची मूळ स्थिती गृहीत धरू नये. आर्डुइनो उनोवर ‘रीसेट-ईएन’ हा जंपर नेमका उलटा आहे: त्याचे दोन पॅड तांब्याच्या बारीक ट्रेसने आधीच जोडलेले असतात, आपोआप होणारा रीसेट नको असल्यास तो ट्रेस कापायचा आणि पुन्हा हवा झाल्यास पॅडांवर सोल्डर द्यायचे. तसेच आकृतीत भागाशेजारी ‘डीएनपी’ लिहिले असेल, तर पॅड आहेत पण भाग बसवलेला नाही, असे समजावे.

शून्य ओहम म्हणजे अगदी शून्यही नव्हे. डेटाशीटमध्ये बहुधा कमाल ५० मिलिओहम अशी मर्यादा दिलेली असते. १ अँपिअर प्रवाहाला तेवढ्यावर ५० मिलिव्होल्ट पडतात. सीरियल तारेवर याने काही बिघडत नाही, परंतु पुरवठ्याच्या किंवा मोजमापाच्या ग्राउंडच्या मार्गात हा आकडा मी हिशेबात धरतो.

आता किकॅड या सर्किट आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा बोर्ड आखत असून त्यात पीए३ साठी तीन पॅडांचा जंपर घेतला आहे: मधला पॅड मायक्रोकंट्रोलरकडे, एक बाजू प्रोग्रॅमरकडे, दुसरी कनेक्टरकडे. चिन्ह निवडताना पहिले दोन पॅड जोडलेले दाखवणारेच घेतले, म्हणजे मूळ स्थिती आकृतीतच दिसेल, आणि दोन्ही बाजूंची नावे बोर्डावरही छापून घेणार आहे.