तुम्ही विचारलंत म्हणून: फॅरेडेची गोष्ट कशी सांगायची?

शास्त्रज्ञांच्या गोष्टी मुलांना कशा सांगाव्यात, म्हणजे त्या जयंतीच्या भाषणापुरत्या उरणार नाहीत? शिक्षक आणि पालक हे नेहमी विचारतात. माझं म्हणणं असं, की जन्मगावापासून सुरुवातच करू नका. त्या माणसाला अडलेला एक प्रश्न उचला, त्याचं सामान टेबलावर मांडा आणि उत्तर यायच्या आत गोष्ट थांबवा. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी मायकेल फॅरेडे यात फार चांगला, कारण त्याचं सामान सहज जमवता येतं.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून ३६ गेजची इनॅमल चढवलेली तांब्याची तार आणा, ३५ मीटर पुरते. एक इंची पीव्हीसी पाइपच्या वीतभर तुकड्यावर तिचे ३०० वेढे घ्या, सगळे एकाच दिशेनं. पाइपात सहज सरकेल असा पट्टीचुंबक, शाळेतला गॅल्व्हानोमीटर (अगदी थोडी वीजही काटा हलवून दाखवणारा मापक) आणि तो शेजारच्या खोलीत ठेवता येईल इतकी दुहेरी वायर हवी. तारेची दोन्ही टोकं तांबं चकाकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा. प्रयोग फसतो तो बहुतेक इथंच, इनॅमल राहिल्यामुळे. साधा डिजिटल मल्टिमीटर मात्र इथे नको. तो सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो आणि क्षणभराचा झटका त्याच्या हातून निसटतो.

आता गोष्ट. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं दाखवलं, की तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई हलते. मग चुंबकापासून वीज मिळेल का? १८२५ मध्ये जिनिव्हात कोलाडोन या शास्त्रज्ञानं वेटोळं आणि जोरदार चुंबक घेतला. मापकाची सुई चुंबकामुळेच हलेल, या भीतीनं त्यानं मापक दुसऱ्या खोलीत ठेवला. ती भीती रास्त होती. मुलांसमोर होकायंत्राजवळ चुंबक नेऊन दाखवा, नाहीतर ती त्याला वेडा ठरवतात.

मग एकाच मुलाला कोलाडोन करा. त्यानं चुंबक वेटोळ्यात सारायचा, तिथेच ठेवायचा, चालत पलीकडच्या खोलीत जायचं आणि काटा बघायचा. काटा शून्यावर. इथे गप्प राहा. मुलं म्हणतील तार तुटली, चुंबक कमजोर आहे, जोड सैल आहे. प्रत्येक शंका त्यांनाच तपासू द्या, वीस मिनिटं गेली तरी जाऊ द्या. कुणीतरी म्हणतंच, ‘एकानं काट्यापाशी उभं राहू या का?’ मग दोघं दोन खोल्यांत. चुंबक आत जाताना काटा एकीकडे उडी घेतो, बाहेर काढताना उलट्या बाजूला आणि चुंबक स्थिर असला की शून्यावर. कोलाडोन चालत पोचेपर्यंत त्याचा काटा परत जागेवर आलेला असायचा.

फॅरेडेला आणायचं ते इथे. १८२५ मध्ये त्यालाही काही मिळालं नव्हतं आणि ते त्यानं वहीत नोंदवून ठेवलं होतं. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांपैकी एकाला बॅटरी जोडताना आणि सोडवताना दुसऱ्याची सुई हलली, मध्ये नाही. १७ ऑक्टोबरला त्यानं वेटोळ्यात चुंबक सारून पाहिला. आता मुलं आपणहून विचारतात, हा कोण होता? तेव्हा सांगा: लंडनच्या लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकणारा पोरगा. १८१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकून त्यानं टिपणं काढली, स्वतः बांधली, डेव्हीलाच पाठवली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मदतनीस म्हणून लागला. गरिबी आणि चिकाटी यांवर वेगळं बोलायची गरज उरत नाही.

निओडिमियमचे (छोटे पण फार जोरदार) चुंबक वापरणार असाल तर लहान भावंडांपासून दूर ठेवा. दोन गिळले गेले तर आतड्याला इजा होते.

पुढच्या तासाला १०० वेढ्यांचं आणखी एक वेटोळं द्या, चुंबक हळू आणि जोरात हलवायला सांगा. काटा किती घरं सरकला ते प्रत्येकानं आपल्या वहीत लिहायचं, शून्य आलं तर शून्यच.