जळफळाट, संशय आणि हातातला फोन

नवऱ्याच्या फोनवर रात्री साडेअकराला कुणाचं तरी नाव झळकलं आणि पोटात गोळा आला, तर त्यात विकृत काही नाही. मैत्रिणीनं बालेवाडीत थ्री बीएचके घेतल्याचं कळलं आणि ग्रुपवर ‘अभिनंदन’ टाइप करताना अंगठा जरा अडखळला, तर त्यातही नाही. मत्सराची ही भावना फार लवकर येते. सहा महिन्यांच्या बाळांवरचा एक प्रयोग २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आईनं हुबेहूब बाळासारखी बाहुली जवळ घेऊन तिचे लाड सुरू केले की बाळं बेचैन व्हायची. तीच आई पुस्तकात गुंगली तर तितकी नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात कुत्र्यांवरही असाच प्रयोग झाला. मालक खेळण्यातल्या कुत्र्याला गोंजारायला लागला की खरी कुत्री मध्ये घुसायची, मालकाला नाकानं ढोसायची. षड्रिपूंच्या यादीत मत्सर शेवटी येत असला तरी तो आपल्यात पहिल्या वर्षीच हजर असतो.

तेव्हा ‘मला मत्सर वाटतो, म्हणजे मी वाईट आहे का’ या प्रश्नात वेळ घालवू नये. मत्सर वाटल्यावर पुढच्या दहा मिनिटांत माणूस काय करतो, हे बघावं. मत्सर मोजायच्या ज्या प्रश्नावल्या मानसशास्त्रात वापरतात, त्यांतल्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत (१९८९) विचार, भावना आणि वर्तन असे तीन वेगळे भाग आहेत. भावना तीव्र असून वर्तन शून्य, अशी माणसं पुष्कळ असतात आणि त्यांचे संसार ठीक चाललेले असतात. उलट वरून शांत दिसणारा माणूस दिवसातून वीसदा बायकोचं ‘लास्ट सीन’ बघत असेल, तर प्रकरण घसरलेलं आहे.

तपासण्याची ही सवय नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण बहुतेक नुकसान तिथेच होतं. संशय आला की जीव कासावीस होतो. फोन बघितला, काही सापडलं नाही, की हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच घातक. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की, तपासलं म्हणून सुटलो. पुढच्या वेळी संशय लवकर येतो, तपासणी जास्त लागते आणि बरं वाटणं कमी वेळ टिकतं. गजकर्ण खाजवावं तसं ते पसरत जातं. ‘तुझं माझ्यावर प्रेम आहे ना?’ हे दिवसातून चारदा विचारणं म्हणजे तोंडी तपासणीच. तिसऱ्या ‘हो’चा समोरच्याला कंटाळा येतो, आवाज तुटक होतो, आणि तो तुटक आवाजच मग पुरावा ठरतो.

शिवाय ज्या पुराव्यांवर हे सगळं उभं असतं, ते किती तकलादू आहेत बघा. व्हॉट्सॲपवर ‘ऑनलाइन’ दिसलं म्हणजे ॲप उघडं आहे, एवढंच. कुणाशी बोलणं चाललंय ते त्यातून कळत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं भांडण वाचणारा माणूसही ऑनलाइनच दिसतो. एकच टिक म्हणजे मेसेज अजून पोचलेला नाही: फोन बंद असेल, रेंज नसेल, ब्लॉक केलेलं असेल. निळी टिक दिसली नाही म्हणजे वाचलं नाही, असंही नाही. ती सेटिंगमधून बंद करता येते. लोकेशनचा ठिपका मोठ्या इमारतीत शंभर-दोनशे फूट सहज सरकतो, आणि तेवढ्या अंतरात ऑफिसही असतं आणि शेजारचं हॉटेलही. एवढ्या सामग्रीवर कोणतंही कोर्ट निकाल देणार नाही, पण रात्री बारा वाजता आपण देतो.

सवय मोडायची तर ‘उद्यापासून बघणार नाही’ अशी शपथ टिकत नाही. आधी एक आठवडा काहीही न बदलता नुसत्या खुणा करा. प्रत्येक तपासणीला वहीत एक रेघ. फोन, लोकेशन, ‘कुठे आहेस’, खिसे, इन्स्टाग्रामवर कुणी लाइक केलं, सगळं धरायचं. आकडा बहुधा अंदाजापेक्षा मोठा निघतो. दुसऱ्या आठवड्यात तपासायची मनाई नाही, फक्त उशीर करायचा. ऊर्मी आली की पंधरा मिनिटं थांबायचं. ते जमलं की अर्धा तास, मग ‘उद्या सकाळी चहानंतर’. ऊर्मी सारखी वाढतच राहत नाही, चढते आणि आपसूक उतरते. पण हे अंगाला कळण्यासाठी ती न तपासता उतरलेली अनुभवावी लागते. म्हणून पंधरा मिनिटं मोबाइलवरच रील बघत घालवू नयेत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून भांडी घासा, जिना उतरून या.

फसतं कुठे? स्वतः बघायचं सोडतात आणि मैत्रिणीला बघायला सांगतात. ती रेघही आपल्याच वहीत. ‘आज खास कारण आहे’ म्हणून नियम मोडतात. खास कारण रोजच असतं. आणि सगळ्यात जास्त फसतं ते जोडीदाराच्या चांगुलपणामुळे. ‘घे बाबा, बघ सगळा फोन’ असं म्हणून तो सुटायला बघतो आणि तपासणीला सरकारी मान्यता मिळते. त्यापेक्षा दोघांनी ठरवावं: प्रश्न एकदा विचारायचा, उत्तर पूर्ण आणि खरं द्यायचं, तोच प्रश्न फिरून आला तर ‘याचं उत्तर दिलंय, चल जेवायला’. हे आधी शांतपणे ठरलेलं हवं. ऐन वेळी म्हटलं तर तो उद्धटपणा वाटतो.

लोकेशनचं माझं मत सरळ आहे. रात्री उशिरा एकटीनं कॅबनं घरी यायचं असेल, तर व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन पाठवावं. त्यात पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीनच पर्याय आहेत आणि वेळ संपली की ते बंद होतं. ही काळजी झाली. गूगल मॅप्सवर ‘बंद करेपर्यंत’ हा पर्याय निवडून वर्षानुवर्षं चालू ठेवलेलं, त्यातही एकाच बाजूनं चालू असलेलं लोकेशन, ही पाळत झाली. पासवर्डचंही तेच. दोघांना एकमेकांचा पासवर्ड माहीत असणं वेगळं आणि एकानं तो मागून घेणं वेगळं.

जोडीदाराच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकणारे महाभाग असतात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुरुषानं एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. नवरा-बायको असल्यास चालेल, अशी सूट तिथे लिहिलेली नाही. आपल्यावर पाळत आहे अशी शंका असेल, तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर तिथेच लॉग आउट करता येतो.

आता डोक्यातल्या भागाकडे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे चांगली उपयोगी पडते. कागदाचे तीन उभे भाग करा: काय घडलं, मी काय समजले, मग काय झालं. पहिल्या भागात फक्त कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. ‘तो तिच्याशी लाडीगोडीनं बोलत होता’ हे पहिल्या भागात बसत नाही. ‘गच्चीवर पाऊण तास तिच्या शेजारी उभा होता, दोनदा मोठ्यानं हसला’ हे बसतं. अर्धं काम या गाळणीतच होतं. दुसऱ्या भागात बहुधा दोन हट्ट सापडतात: ‘त्याला माझ्याशिवाय कुणी आवडताच कामा नये’ आणि ‘तो गेला तर मी संपले’. पहिला जगात कुणाच्याच बाबतीत पुरा होत नाही. दुसरा खरा नाही, पण जळतं ते त्याच्याचमुळे.

मग बोलायचं. ‘तुझं तिच्याशी काय चाललंय?’ याला ‘काही नाही’ हे एकच उत्तर आहे; खरं असो वा खोटं. त्याऐवजी: ‘काल गच्चीवर मी कुणालाच ओळखत नव्हते, तू पाऊण तास आला नाहीस, मला एकटं पडल्यासारखं झालं. पुढच्या वेळी आधी ओळखी करून दे.’ घडलेलं, वाटलेलं आणि मागणी, तिन्ही आलं. वेळही नीट निवडावी. दोन पेग झाल्यावर नाही, सासूबाई शेजारच्या खोलीत जाग्या असताना नाही, आणि हिंजवडीच्या रस्त्यावर गाडी अडकलेली असताना तर मुळीच नाही. तिथे उठून जाता येत नाही आणि विषय संपतही नाही.

एक गोष्ट समुपदेशनाच्या पुस्तकी सल्ल्यात हरवते: कधी कधी संशय खरा असतो. पगारातले पैसे कुठे जातात ते कळत नाही, सांगितलेलं आणि घडलेलं वारंवार जुळत नाही, उघडं खोटं पकडलं गेलंय. अशा वेळी ‘तुझाच स्वभाव संशयी’ म्हणून समोरच्याला वेड्यात काढणं हा दुसरा अन्याय. वरचे उशीर करायचे धडे त्या माणसासाठी नाहीत. त्याला खरी माहिती मिळण्याचा हक्क आहे आणि ती समोरासमोर मागावी. मुद्दाम जळवणाऱ्यांचीही गणना मी इथेच करते. जुन्या मैत्रिणीचं नाव चवीनं घ्यायचं आणि बायकोचा चेहरा बघायचा, हा खेळ खेळणाऱ्यानं पुढे संशयाची तक्रार करू नये.

जोडीदाराच्या नात्याबाहेरचा मत्सर, म्हणजे मित्राचं, भावाचं, सहकाऱ्याचं चांगलं झालेलं डोळ्यांत खुपणं, त्याची चाल वेगळी. तिथे आपलं काही जात नसतं. दुसऱ्याला मिळालेलं असतं. मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं की माणूस तुलना करतो ती आपल्यासारख्यांशी. म्हणून उद्योगपतीच्या बंगल्यानं झोप उडत नाही, मावसभावाच्या फ्लॅटनं उडते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाच वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसलेला मुलगा एमपीएससीतून पीएसआय होतो, चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, आणि आपण त्याच फ्लेक्सखालून डबा आणायला जातो. त्या वेळी मनात जे होतं ते न होणं कठीण.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये या भावनेचे दोन प्रकार दाखवले. एकात आपण वर चढायला बघतो, दुसऱ्यात त्याला खाली ओढायला. त्यानं ते कमावलंय आणि मलाही जमेल असं वाटलं तर पहिला. वशिल्यानं मिळालं आणि माझ्या हातात काही नाही असं वाटलं तर दुसरा. त्यामुळे कागदावर हे लिहावं: मला त्यातलं नेमकं काय हवंय? पीएसआयचा गणवेश हवा, का घरच्यांनी विचारणं थांबवावं एवढंच हवं? दुसरं असेल तर त्यासाठी आणखी तीन वर्षं घालवण्यात अर्थ नाही. ऑफिसातही हेच. एप्रिलमध्ये शेजारच्याचं प्रमोशन झालं म्हणून दोन दिवस तोंड कडू राहिलं, ठीक. त्याला लागणारी फाइल मुद्दाम उशिरा पाठवली, मीटिंगचं सांगायचं ‘विसरलो’, कँटीनमध्ये त्याचं नाव काढून डोळे मिचकावले, म्हणजे माणसाला पाण्यात पाहणं सुरू झालंय.

लहान मुलांबद्दल थोडक्यात. दुसरं बाळ झालं की मोठं मूल पुन्हा गादी ओली करतं, भरवायला लावतं. हे काही महिने चालतं. रोज पंधरा मिनिटं फक्त त्याची, बाळ दुसऱ्याच्या हातात. आणि बारशाला येऊन ‘आता तुझे लाड संपले हं’ म्हणणाऱ्या आत्याबाईंना आधीच गप्प करावं.

शेवटी आजाराचा भाग, आणि इथे गंमत नाही. पुराव्यानं न हलणारा, दिवसेंदिवस पक्का होत जाणारा संशय हा मनोविकार असू शकतो. कपडे हुंगणं, चादरी तपासणं, रात्ररात्र उलटतपासणी, दूधवाल्यापासून दिरापर्यंत सगळ्यांवर आरोप. दीर्घकाळच्या दारूत हे बऱ्याचदा दिसतं. तेव्हा आधी दारूचा उपचार लागतो, आणि त्यासाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. साठीनंतर अचानक सुरू झालं तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्यावी. पार्किन्सनच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल, असा संशय उद्भवू शकतो. पण गोळ्या स्वतःहून बंद न करता न्यूरॉलॉजिस्टला सांगावं. अशा माणसासमोर निर्दोषपणा सिद्ध करत बसू नये, प्रत्येक खुलासा नवा पुरावा होतो. ‘तुला झोप लागत नाही, डॉक्टरांकडे जाऊ’ असं झोपेचं निमित्त धरून नेणं जास्त जमतं. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही.

संशयापायी कोंडून ठेवणं, माहेरी फोन करू न देणं, गळ्याला हात घालणं यातलं काहीही घडलं असेल, तर वह्या, रेघा आणि जोडप्याचं समुपदेशन बाजूला ठेवा. गळा दाबण्याचा एक प्रकारही पुढच्या जिवावरच्या हल्ल्याची गंभीर सूचना असते. ११२ पोलिसांसाठी, १८१ महिला हेल्पलाइन. पुणे पोलिसांचा महिलांना मदत करणारा भरोसा सेल आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात मानसिक छळही येतो, आणि तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. घर सोडायची वेळ आलीच तर तो बाहेर असताना सोडावं आणि आधी कुठे जातेय ते सांगू नये. आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले आणि चालू औषधं एका पिशवीत विश्वासाच्या माणसाकडे आधीच ठेवावीत, आणि निघताना फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद करावं.