जॉर्जचं वर्षश्राद्ध

सोलापुरात एखाद्या मोठ्या गायकाला सुरांची श्रद्धांजली वाहायची एक ठरलेली रीत आहे. हुतात्मा स्मृती मंदिर, नाहीतर एखादं मंगल कार्यालय. मागे फोटो, फोटोला हार, समई, दोन भाषणं (त्यातलं एक लांबणारच), आणि मग 'व्हॉइस ऑफ अमुक' म्हणून ख्याती असलेला कलाकार. तो हुबेहूब गातो. मूळ गाण्यात श्वास जिथे घेतलाय तिथेच घेतो, आवाज जिथे ओला होतो तिथेच ओला करतो. शेजारचे काका मान डोलवत म्हणतात, "डोळे मिटा, तोच गातोय बघा!" मला या कौतुकाची गंमत वाटते. माणूस गेला म्हणून आपण जमलोय आणि सगळी खटपट चाललीय ती तो गेलाच नाही असं भासवण्याची.

मी या कार्यक्रमांना हौसेने जातो, वन्समोअरही देतो. पण जॉर्ज हॅरिसनचं वर्षश्राद्ध पाहिल्यापासून मनात तुलना सुरू होते, तिला इलाज नाही.

इंग्लंडच्या बीटल्स या चौघांच्या बँडमधला हा धाकटा, कमी बोलणारा गिटारवाला 29 नोव्हेंबर 2001 रोजी लॉस एंजेलिसमध्ये गेला. वय 58. बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याची बायको ऑलिव्हिया आणि गिटारवाला मित्र एरिक क्लॅप्टन यांनी त्याची गाणी मांडली. मागे जॉर्जचा मोठा फोटो, म्हणजे तेवढं आपल्यासारखंच. पण त्या सबंध संध्याकाळी एकाही माणसाने जॉर्जसारखं गायचा प्रयत्न केला नाही. त्याच्या गायक दोस्तांपैकी टॉम पेटी टॉम पेटीसारखा नाकात गायला, जेफ लिन जेफ लिनसारखा. जॉर्जचा मुलगा धनी (हे नाव बापाने धैवत आणि निषाद जोडून ठेवलेलं) जवळपास सगळा वेळ कडेला उभा राहून नुसती गिटार वाजवत होता. दिसायला थेट बाप. बीटल्समधल्याच पॉल मॅकार्टनीने ऑलिव्हियाचं म्हणणं तिथे सांगितलं : धनीला मंचावर बघून वाटतं की जॉर्ज तरुणच राहिला आणि आपण सगळे म्हातारे झालो.

कार्यक्रमाची सुरुवात 'सर्वेषां स्वस्तिर्भवतु'ने. पहिला भाग जवळजवळ सगळा रविशंकरांचा. त्यांनी या संध्याकाळसाठी 'अर्पण' नावाची रचना बांधली होती आणि त्यांची मुलगी अनुष्काने ती वादकांकडून वाजवून घेतली. क्लॅप्टनसारखा माणूस त्या ताफ्यात गिटार घेऊन बसला आणि आपला तुकडा आला तेव्हा वाजवून मोकळा झाला. त्यानंतर मॉन्टी पायथन या विनोदी ताफ्याची मंडळी आली आणि एक चावट गाणं म्हणून, पाठ फिरवून, लोकांना उघडे पार्श्वभाग दाखवून गेली. वर्षश्राद्धाला! आमच्याकडे असं झालं असतं तर आयोजकांना सोलापूर सोडून जावं लागलं असतं. पण याच मंडळींच्या एका सिनेमातून निर्मात्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा जॉर्जने स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. का, तर त्याला तो सिनेमा बघायचा होता. अशा दोस्ताला हसवूनच निरोप द्यायचा असतो.

आता आमच्या प्रयोगाकडे येतो. सात रस्त्याजवळ वरच्या मजल्यावर एक गिटार क्लास आहे. तो चालवणारे मास्तर लग्नसराईत ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतात आणि उरलेलं वर्ष पोरांना गिटार शिकवतात. नोव्हेंबरात त्यांना जॉर्जचं वेड लागतं. यंदा त्यांनी ठरवलं, 29 तारखेला क्लासमध्येच बैठक करायची. हॉल नाही, भाषण नाही, सूत्रसंचालिका तर नाहीच. 'माय स्वीट लॉर्ड'साठी पेटी पाहिजे म्हणून त्यांनी पूर्व भागातल्या एका अण्णांना गळ घातली. अण्णांच्या घरी तळमजल्यावर यंत्रमाग, वर राहणं. घरात तेलुगू, भजनात मराठी, आणि मास्तरांशी बोलायला खास सोलापुरी.

पहिल्याच तालमीत अण्णांनी पेटीचा भाता सोडला आणि विचारलं, "पट्टी कुठली?"

"पांढरी तीन," मास्तर म्हणाले. "पण मध्ये बदलते. काळी तीन."

"मध्येच? कशाला बे?"

"गाणं चढवायचं असतं, अण्णा."

"चढवायला आम्ही लय वाढवतो की. पट्टी कशाला हलवायची? बिचाऱ्या गाणाऱ्याचा गळा काय वाटेत सापडलाय का?"

मास्तरांकडे उत्तर नव्हतं. मला मात्र अण्णांचं म्हणणं त्या गाण्याबद्दलचं सगळ्यात नेमकं बोलणं वाटलं. 'माय स्वीट लॉर्ड' हे 1970 चं गाणं चालीने पाश्चात्त्य आहे, पण घडण भजनाची. एक ओळ, मागून कोरस, पुन्हा ओळ, पुन्हा कोरस. कोरस आधी 'हालेलुया' म्हणतो, मग नकळत 'हरे कृष्ण'वर येतो आणि पुढे चक्क 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णु'. तबकडीवर या कोरसला 'जॉर्ज ओहारा-स्मिथ सिंगर्स' असं भारदस्त नाव दिलंय. ते सगळे आवाज मुळात जॉर्जचेच, एकावर एक चढवलेले. 'गुरुर्ब्रह्मा' कानावर पडल्यावर अण्णांनी पेटी थांबवली. "हे शाळेतलं हाय की!" मग पट्टी बदलायलाही तयार झाले.

याच गाण्यावर चाल चोरल्याचा खटला झाला आणि 1976 साली न्यायाधीशाने निकाल दिला, की जॉर्जने ती मुद्दाम उचलली नसेल, पण जुन्या एका गाण्याची चाल त्याच्या नेणिवेतून आली. हे ऐकून अण्णा खोखो हसले. सिनेमाच्या चालींवर रचलेली भजनं त्या न्यायाधीशापुढे ठेवली असती, तर निम्मा महाराष्ट्र आत गेला असता, आणि टाळांसकट.

गाण्यात सुरुवातीपासून एक घसरता, लांबट स्वर आहे. तो स्लाइड गिटारचा. बोटात काचेची नाहीतर धातूची नळी घालून तारेवर फिरवायची, म्हणजे सूर पडद्यापडद्यांवरून उड्या न मारता सरकत जातो. क्लासमधल्या एका पोराच्या भावाचं गॅरेज आहे. त्याने गोटी पान्यातली एक पोकळ गोटी आणली. करंगळीत ती बरोबर बसली. पहिले काही दिवस मांजर रडल्यासारखा आवाज निघाला. मग एका संध्याकाळी त्याने शेवटच्या स्वरावर गोटी नुसती थरथरवली, आणि अण्णा पेटीवरून मान न उचलता म्हणाले, "आता मींड आली."

ती मींड जॉर्जकडे अशीच आलेली नाही. 1966 च्या सप्टेंबरात तो रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला, ताजमध्ये उतरला. 1968 च्या जानेवारीत पुन्हा आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं. त्यात शिवकुमार शर्मांचं संतूर आहे. पण पुढे आपण मोठा सतारिया होणार नाही हे त्याने ओळखलं आणि गिटार परत हातात घेतली. माझ्या मते सतार त्याने सोडली तरी ती त्याच्या स्लाइडमध्ये राहिली. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना लागणारे कडू भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात. जॉर्जच्या सतारीचा भोपळाही आपल्या भीमाकाठचा होता असं छाती फुगवून सांगायला मला फार आवडलं असतं, पण तिकडे दिल्लीच्या कारागिराचं नाव आडवं येतं. जाऊ दे.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते 'ऑल थिंग्ज मस्ट पास'वर. ही गोष्ट मास्तरांनी पोरांना सांगितली तेव्हा मीही नव्याने ऐकली. बीटल्समध्ये लेनन आणि मॅकार्टनी या दोघांचा दबदबा एवढा, की जॉर्जच्या वाट्याला एका तबकडीवर एखाद-दोन गाणी. 1969 च्या जानेवारीत त्याने हे गाणं बाकीच्यांपुढे ठेवलं. सगळं सरतं, ऊनही आणि पाऊसही, असा त्याचा भाव. तालमी झाल्या, गाणं काही घेतलं गेलं नाही. अशी गाणी साठत गेली, आणि बीटल्स मोडल्यावर 1970 साली त्याने एकदम तीन तबकड्यांचा संच काढला, नावच या गाण्याचं. अल्बर्ट हॉलमध्ये हे गाणं कोणी गायलं? पॉल मॅकार्टनीने. ज्या तिघांनी ते बाजूला ठेवलं होतं त्यांच्यातला एक, तेहतीस वर्षांनी, ते गाणं रचणाऱ्याच्या वर्षश्राद्धाला. पॉलने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. नीट, साधं गायला. त्याआधी त्याने 'समथिंग' एकट्या युकुलेलीवर (छोटी, चार तारांची गिटारच म्हणा) सुरू केलं होतं, कारण जॉर्जकडे जेवायला गेलं की हात धुवेपर्यंत युकुलेल्या बाहेर यायच्याच.

बीटल्सचा ड्रमवाला रिंगो 'फोटोग्राफ' गायला. 1973 चं, दोघांनी मिळून लिहिलेलं. निघून गेलेल्या प्रेयसीचा फक्त फोटो उरलाय असं साधं विरहगीत. मागे तो मोठा फोटो असताना रिंगोने ते म्हणायचं, आणि तेही ठेक्यात, हसऱ्या चेहऱ्याने. मी ती चित्रफीत मोबाइलवर बघत होतो. डाऊन गाडीची वाट बघत फलाटावर बसलेला माणूस एकटाच डोळे पुसतोय हे बघून चहावाल्याने न मागता चहा दिला.

आणि की-बोर्डवाला बिली प्रेस्टन. 1969 मध्ये बीटल्समध्ये इतकी धुसफूस होती, की जॉर्ज एकदा सरळ उठून निघून गेला होता. परत आल्यावर त्याने या जुन्या दोस्ताला स्टुडिओत आणून बसवलं. पाहुणा आला की घरातली भांडखोर भावंडं जशी शहाण्यासारखी वागतात, तसे सगळे वागायला लागले. आदल्या वर्षी क्लॅप्टनला आणूनही त्याने हेच केलं होतं. जॉर्जची ही कायमची युक्ती : अडलं की दोस्ताला हाक मार. रविशंकरांनी बांगलादेशातल्या निर्वासितांचं दुःख सांगितलं तेव्हाही तेच. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम, आणि मंचावर डिलन, क्लॅप्टन, रिंगो, बिली. 'माय स्वीट लॉर्ड' त्याने मुळात आधी बिलीला दिलं होतं. स्वतःची तबकडी नंतर आली. म्हणून अल्बर्ट हॉलमध्ये बिली ते गायला तेव्हा, ज्याचं गाणं त्याच्याकडे परत आल्यासारखं झालं. मला वाटतं, त्या संध्याकाळी कोणाला नक्कल सुचली नाही याचं कारण हेच असावं. ज्याने हयातभर आपल्या गाण्यात दुसऱ्याला जागा ठेवली, त्याच्या माघारी दुसऱ्यांना आपापली जागा आयती माहीत होती.

आमची बैठक झाली. गोटीवाला पोरगा दोनदा चुकला, पट्टी बदलताना अण्णा आणि गिटार यांची फारकत झाली, आणि पुढच्याच ओळीला भेट झाली. शेवटी मास्तरांनी 'ब्रेनवॉश्ड' लावली, जॉर्जची अखेरची तबकडी. ती अपुरी राहिली होती. धनी आणि जेफ लिनने पुरी केली. तिच्या शेवटच्या गाण्यात रागावलेला जॉर्ज सगळ्या जगाला फैलावर घेतो, आणि मग अचानक बापलेकाच्या आवाजात 'नमः पार्वतीपतये' सुरू होतं. आरतीनंतर हे म्हटलं की 'हर हर महादेव' आपोआप तोंडात येतं, पण आम्ही पडलो सिद्धरामेश्वराच्या गावचे. मागून कोणीतरी गड्ड्याच्या यात्रेतला पुकारा दिला, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" आणि सगळा क्लास ओरडला. खालचा दुकानदार वर बघायला आला.

पुढच्या वर्षी 'हँडल विथ केअर' करायचं ठरलंय. 1988 साली जॉर्जला एका तबकडीच्या मागच्या बाजूला एक जादा गाणं हवं होतं, म्हणून त्याने दोस्त गोळा केले आणि बॉब डिलनच्या गॅरेजमध्ये पडलेल्या खोक्यावरच्या लेबलावरून गाण्याला नाव दिलं. त्यातून पाच जणांचा ट्रॅव्हलिंग विल्बरीज हा ताफाच उभा राहिला. आमच्याकडेही पाच आवाज आहेत, पण भांडण वाटणीचं आहे. रॉय ऑर्बिसनची वरच्या सुरांतली ओळ तिघांना हवी आहे. जॉर्जची कडवी मास्तरांनी स्वतःकडे ठेवलीत. टॉम पेटी गोटीवाला. राहिला डिलन. तो मास्तरांनी अण्णांना दिला, तुमच्या आवाजाला शोभेल म्हणाले. अण्णा खूश होते. परवा नातवाने त्यांना यूट्यूबवर डिलन ऐकवला, आणि तेव्हापासून ते मास्तरांचा फोन उचलत नाहीयेत.