विलंबित आणि द्रुत यांच्यामधला सांधा

2010 सालच्या उन्हाळ्यात मी खिशात मावणारा म्युझिक प्लेअर घ्यायचे ठरवले, तेव्हा हे काम एका दुपारी उरकेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याला सहा आठवडे लागले. कामानिमित्त आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई रेल्वेप्रवास होत असे, आणि वडिलांनी जमवलेल्या कॅसेटींवरचे गाणे मी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने आधीच संगणकावर उतरवून ठेवले होते. त्यात वडिलांनी शनिवारी रात्री रेडिओसमोर बसून भरून घेतलेले आकाशवाणीचे शास्त्रीय संगीताचे कार्यक्रमही पुष्कळ होते.

निवड शेवटी दोघांत आली. एकीकडे ॲपलचा 160 जीबीचा आयपॉड क्लासिक, ज्याच्या आत चक्क फिरणारी हार्ड डिस्क असते. दुसरीकडे सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस, काडेपेटीपेक्षा फारसा मोठा नसलेला, 8 जीबीचा, पण मायक्रोएसडी कार्डाला जागा असलेला. किमतीत तिपटीहून अधिक फरक होता. पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "साहेब, गाणी किती भरणार?" मला उत्तर देता आले नाही, म्हणून घरी येऊन हिशेब मांडला. 192 केबीपीएस (सेकंदाला 192 किलोबिट) दराने एमपीथ्री केले तर एका तासाला साधारण 86 एमबी लागतात, आणि माझ्याजवळ सुमारे 140 तासांचे गाणे होते. म्हणजे सगळे मिळून 12 जीबी. क्लिपमध्ये 8 जीबीचे एक कार्ड घातले की काम भागत होते. 160 जीबीच्या आकड्याने मला इतके दिवस उगाच दिपवले होते.

खरी अडचण निराळीच निघाली. सीडीवरून घेतलेल्या एका ख्यालाच्या दोन फायली मी पेनड्राइव्हवर दुकानात नेल्या होत्या: पहिलीत विलंबित, म्हणजे संथ लयीतला एकताल, दुसरीत द्रुत, म्हणजे जलद लयीतला तीनताल, आणि गाणाऱ्याने मध्ये श्वासापुरतीही उसंत न घेता द्रुत बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिची सुरुवातीची ओळ, उचललेला. दुकानदाराने जो प्लेअर सर्वांत आधी पुढे केला (तो या दोघांपैकी नव्हता), त्यात विलंबित संपल्यावर क्षणभर पूर्ण शांतता पसरली, तानपुरासुद्धा तुटला, आणि मुखडा मागून धक्का दिल्यासारखा अंगावर आला. दुकानदाराला त्यात काही वावगे वाटले नाही. चित्रपटगीतांत दोन गाण्यांमध्ये थोडी शांतता असतेच, त्यामुळे त्याचे म्हणणे चुकीचे होते असेही नाही.

याचे कारण मी नंतर वाचून समजून घेतले. एमपीथ्री फाइल आवाजाच्या 1152 नमुन्यांच्या (सॅम्पल्सच्या) चौकटींत बांधलेली असते; सेकंदाला 44,100 नमुने धरले तर एक चौकट सुमारे 26 मिलिसेकंदांची होते. फाइल तयार होताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते आणि शेवटची चौकट भरण्यासाठी आणखी थोडी. त्यात प्लेअरला पुढची फाइल उघडायला लागणारा वेळ मिळवला की तबल्याचा ठेका विस्कटायला तेवढे पुरते. आयपॉडमध्ये सलग वाजवण्याची सोय 2006 साली आयट्यून्स या ॲपलच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमच्या सातव्या आवृत्तीबरोबर आली होती, म्हणजे या एका बाबतीत तो निर्विवाद सरस होता, आणि त्या संध्याकाळी मी जवळजवळ त्याच्याच बाजूने कौल दिला होता.

मात्र आयपॉडमध्ये रेडिओ नव्हता, आणि सकाळी गाडी पुणे सोडेपर्यंत विविध भारती ऐकण्याची सवय मला मोडायची नव्हती. (घाटातल्या बोगद्यांत रेडिओ असून नसल्यासारखाच, हे मान्य.) शिवाय त्यात गाणे भरायचे तर आयट्यून्समधूनच, क्लिपमध्ये पेनड्राइव्हसारख्या फायली ओढून टाकल्या की झाले. माझ्यासारख्या, रोज एखादी कॅसेट कापून-जोडून साफ करणाऱ्या माणसाला हा फरक लहान नव्हता.

मग एका रात्री साधी गोष्ट लक्षात आली: फायली मीच बनवत होतो, तर सांधा ठेवायचाच कशाला? विलंबित आणि द्रुत ऑडॅसिटीत एकापुढे एक लावून त्यांची एकच फाइल केली, आणि प्रश्न प्लेअरच्या हातून काढून घेतला. कॅसेटींचे मात्र तेवढे सोपे नव्हते, कारण 45 मिनिटांनी बाजू उलटताना वडिलांच्या हातून जी दोन-तीन आवर्तने (तालाचे पूर्ण फेरे) निसटली होती, ती कुठल्याच उपायाने परत येणारी नव्हती. तिथे मी आवाज हळूहळू उतरवून पुन्हा चढवला.

क्लिप घेतला. पन्नास-पन्नास मिनिटांच्या फायलींमुळे नवी पंचाईत झाली: कर्जतला गाणे थांबवून मध्येच बातम्या ऐकल्या, की परतल्यावर ख्याल पहिल्या आलापापासून सुरू. त्यावरही तोड निघाली. या प्लेअरमध्ये पॉडकास्टच्या फोल्डरातली फाइल जिथे सोडली तिथून पुढे चालवता येते, म्हणून सगळे ख्याल मी तिथे हलवले आणि तीन-तीन मिनिटांची नाट्यपदे तेवढी संगीताच्या फोल्डरात राहू दिली. डब्यात शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी पडद्यावर "पॉडकास्ट" वाचून मी इंग्रजी भाषणे ऐकतो आहे असे समजून चौकशी केली. मी इअरफोनचा एक बोंडा त्यांच्याकडे दिला, आणि लोणावळा येईपर्यंत तो काही परत मिळाला नाही.