तुम्ही विचारलंत म्हणून: तेव्हा आमचे लोक कुठे होते

दर ऑगस्टला कुणीतरी विचारतंच, स्वातंत्र्यलढ्यात तुमचे दलित लोक कुठे होते? आणि लगेच वर, बाबासाहेब तर व्हाइसरॉयच्या मंडळात होते ना? हो, होते, १९४२ ते ४६, मजूरमंत्री. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

२ मार्च १९३० ला आमचे लोक नाशकात काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे होते, आत जाऊ द्या म्हणून. दांडीयात्रा निघाली १२ मार्चला. दोन्ही सत्याग्रहच, पण एक सरकारशी आणि दुसरा आपल्याच गावकऱ्यांशी. काळारामाचा सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला तरी दार उघडलं नाही.

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या वर्षी मुलीला शाळेतून प्रोजेक्ट होता, घरातल्या किंवा ओळखीतल्या स्वातंत्र्यसैनिकाची माहिती लिहा. तिने पणजोबांवर लिहिलं. ते १९२७ ला महाडला होते, चवदार तळ्याचं पाणी प्यायले, परत येऊन मंडपात जेवायला बसले तर लाठ्या घेऊन लोक आले, आणि यांचं डोकं फुटलं ते ताटावरच. आजी सांगायची तसंच्या तसं तिने उतरवलं होतं, शेजारी तळ्याचं चित्रही काढलं होतं. बाईंनी वर्गात वाचून वही परत दिली, हे सामाजिक आहे, स्वातंत्र्यलढा नाही, दुसरं कुणीतरी बघ. घरी येऊन पोरगी विचारते, बाबा, आपल्यात खरा स्वातंत्र्यसैनिक कुणीच नाही का? मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. तिने टिळकांवर लिहिलं, दहापैकी नऊ मिळाले.

बाई वाईट नाहीत, मनापासून शिकवतात. पण सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव मुंबई कौन्सिलने १९२३ लाच केला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं, मग लाठ्या कुणाच्या होत्या? इंग्रज गेल्यावर सत्ता त्याच हातांत जाणार ही भीती आमच्या लोकांना वाटली तर त्यात देशद्रोह कुठे आला? साने गुरुजी तर इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले, त्यांनाही मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसावं लागलं, विठ्ठलाचं देऊळ आमच्यासाठी उघडावं म्हणून. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर होतं!

कॉलेजात असताना मी नावं फेकायचो, झलकारीबाई, ऊदादेवी, १८५७ च्या उठावात लढलेल्या आमच्या बाया. आता वाटतं आम्हीच का हजेरी लावायची? तर तो कॉलेजातला मी म्हणतो, लढल्या त्या, मग त्यांचं नाव का गिळायचं? त्याचंही खोटं नाही. ऊदादेवी पोरीला माहीत असावी असं मलाही वाटतं, फक्त तुमच्यापुढे पुरावा म्हणून ते नाव घ्यायला जीभ वळत नाही.